कानामागचं तेल

तोंड म्हणजे कढई नव्हे. हे वाक्य मी कोल्हापुरात पार्लर चालवलं तेवढी सगळी वर्षं रोज कुणाला तरी ऐकवलं. बायका हसायच्या, माना डोलवायच्या आणि घरी जाऊन वाटीभर खोबरेल गालांवर चोपडायच्या. मग आठवड्यानं पुटकुळ्या घेऊन माझ्याच जिन्यात हजर. "ताई, तुमचं तेल बाधलं बघा." माझं कुठलं बाई, तुझ्या घरचं. पण गिऱ्हाइकाशी भांडून पार्लर चालत नाही, म्हणून मी तिला बसवायची, पाणी द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

पार्लर एस.टी. स्टँडच्या अलीकडं, एका मिठाईवाल्याच्या माडीवर होतं. एक खुर्ची, एक आरसा, एक पंखा आणि खालून येणारा तुपाचा वास. नव्वद सालानंतरचे ते दिवस. गावात नवी नवी पार्लरं निघत होती आणि सगळ्यांना एकच काम माहीत होतं, ब्लीच करून तोंड गोरं करायचं. मीही तेच शिकून आले होते. पहिला प्रयोग स्वतःवर केला आणि गाल भाजून घेतले. तेव्हा आमच्या घरामागच्या गल्लीत लिंगायत तेल्यांचा लाकडी घाणा होता. घाण्याची मालकीण गंगाक्का. तिनं माझं तोंड बघितलं, "शिवा शिवा, तोंड हाय का भाकरी ग ही?" म्हणाली आणि करडईच्या ताज्या तेलाचं बोट माझ्या गालावर टेकवलं. तिथून मी तेलाच्या नादी लागले ती लागलेच.

आमचा समाज कुठला हे गावात सगळ्यांना ठाऊक. सुरुवातीला काही बायका खुर्चीत बसायच्या, पण माझ्या माठातलं पाणी घ्यायच्या नाहीत. आमच्या विहारातल्या बायका म्हणायच्या, असल्यांचं काम करतेस कशाला? मी म्हणायची, पाणी नको तर नको, तोंड तर माझ्याच हातात देते ना? डोळे मिटून, मान मागं टाकून. हळूहळू त्या पाणीही मागायला लागल्या. उन्हाळ्यात आमच्या माडीवर तहान लागायचीच तशी.

आता धंद्यातलं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बाई आली की मी आधी काहीच लावायची नाही. साध्या पाण्यानं तोंड धुवायला लावायची आणि चहा संपेपर्यंत गप्पा मारायची. मग पतंगाचा पांढरा पातळ कागद तिच्या कपाळावर, नाकावर, गालांवर दाबायचा. कागद सगळीकडं डागाळला तर कातडी तेलकट. कुठंच डाग नाही आणि हसताना गाल ओढल्यासारखे वाटतात, तर कोरडी. कपाळ-नाक तेलकट आणि गाल कोरडे, अशा बायका आपल्याकडं पुष्कळ. आणि एक नाजूक कातडी, तिला कशाचंही वावडं. तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून "उद्या ये" म्हणायचं, घाई करायची नाही.

तेलकट कातडीला तेल लावायचं म्हटलं की बायका दचकायच्या. पण करडईचं तेल हलकं, दोन-तीन थेंब ओल्या तोंडावर लावले तर ते चालतं. कोरड्या कातडीला तिळाचं, परवडत असेल तर बदामाचं. दोन्ही असलेलीला गालांवर तिळाचं आणि कपाळाला नुसता हात पुसायचा. खोबरेल डोक्याला, तोंडाला शक्यतो नाही. तेल तळहातावर चोळून कोमट करायचं, खालून वर दाबत जायचं, चोळायचं नाही. थोड्या वेळानं मऊ फडक्यानं टिपायचं आणि तेल लावून उन्हात हिंडायचं नाही. पुटकुळ्या पिकल्या असतील तर तेल नाही, डॉक्टर. आणि तेलानं कुणी गोरं होत नाही. हे शेवटचं मी पाटीवर लिहून लावलं होतं. त्या पाटीमुळं माझी निम्मी गिऱ्हाइकं समोरच्या पार्लरात गेली.

उरली ती मात्र नामी होती. एक पैलवान यायचा. तालमीतलं तेल आणि माती तोंडाला बसून गालभर फोड आलेले, लग्न ठरलेलं. बायकांच्या पार्लरात येताना कुणी बघेल म्हणून तोंडावर टॉवेल घेऊन जिना चढायचा. एवढा मोठा गडी टॉवेल घेऊन चढतोय म्हटल्यावर सगळा रस्ता वर बघायचा. त्याला मी डॉक्टरकडं धाडलं आणि तालमीतून आल्याबरोबर तोंड धुवायची शपथ घातली. लग्नात त्यानं मला पहिल्या पंगतीला बसवलं आणि तांबडा रस्सा वाढता वाढता हळूच विचारलं, "आता तेल लावलं तर चालंल न्हवं?"

पण मला लिहायचं आहे ते सुशीलाबद्दल.

सुशीला शाहूवाडीकडची, डोंगरातल्या एका वाडीतली. भाताची शेती, सासू-सासरे, दोन म्हशी. नवरा फौजेत. ती पहिल्यांदा माडीवर आली तेव्हा चप्पल जिन्यात काढून आली होती आणि पदरानं अर्धं तोंड झाकलं होतं. मला वाटलं, पत्ता चुकली.

"त्ये रजेवर येणार हायत," ती म्हणाली. "सोमवारी. तोंड करून द्या."

मी कागद दाबला. वाऱ्यानं, उन्हानं गाल तडकलेले, पण कपाळ आणि हनुवटी तेलकट आणि हनुवटीवर पुरळ. मी करडईची बाटली उचलली तर तिनं माझा हात धरला.

"ह्ये न्हाय. तिळाचं लावा. वाळा घातल्यालं."

वाळा घातलेलं तिळाचं तेल गंगाक्काच करायची. घाण्याचं ताजं तेल, त्यात वाळ्याच्या मुळ्या, मडक्याला फडकं बांधून उन्हात ठेवायचं. लग्नसराईत नवरीच्या हळदीसाठी लोक ते लांबून न्यायला यायचे. सुशीलाच्या हळदीला तेच होतं. पण तिच्या पुरळ आलेल्या हनुवटीला ते जड झालं असतं. मी तसं सांगितलं, तर ही बाई खाली बघून बोलायला लागली. 

लग्नानंतर थोडेच दिवस नवरा घरी होता. पुढं वर्षातून एकदा, कधी दोनदा. दर खेपेला तो परका होऊन यायचा. आईवडलांशी बोलायचा, म्हशींशी बोलायचा, हिच्याशी मात्र काय बोलावं ते त्याला सुचायचं नाही. उंबऱ्यात बसून राहायचा. पहिल्या रजेत असाच बसला होता. हळदीतलं उरलेलं तेल लावून ही चहा द्यायला वाकली, तर त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "आला वास." वर बर्फात म्हणे कशालाच वास नसतो. तिथं त्याला हिचं तोंड नीट आठवायचं नाही, पण हळदीच्या दिवशीचा तो वास आठवायचा. "आला वास" म्हटलं की तो तिचा व्हायचा, घरचा व्हायचा.

"त्यो वास न्हाय आला तर त्ये उंबऱ्यातच ऱ्हातील की ओ ताई," ती म्हणाली. ही तिची भीती. कोकणात उतरणाऱ्या घाटाच्या तोंडाशी राहणारी, पावसात रोपं लावणारी, सापाला न भिणारी बाई, पण तिला भीती होती ती एवढीच.

आता काय करावं? एकीकडं माझं शिक्षण, दुसरीकडं तिचा संसार. मी गंगाक्काकडं गेले. ती घाण्यापाशी पेंड फोडत बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "तोंडाला कातडी बघून लाव. वास काय तोंडावरच बसतोय व्हय? कानामागं लाव की. अंगाची ऊब लागली की आपसूक सुटतोय."

तसं केलं. तोंडाला दोन थेंब करडई, दाबून, टिपून. आणि दोन्ही कानांच्या मागं, मानेच्या खळग्यात, वाळ्याचं तिळाचं तेल. एक छोटी बाटली घरी न्यायला. सुशीला आरशात बघायलाही थांबली नाही, एस.टी. चुकेल म्हणून पळाली. पंधरा दिवसांनी घरच्या तांदळाची पिशवी घेऊन आली. मी काही विचारायच्या आतच पदर तोंडाला लावून हसली आणि मला सगळं कळलं.

मग ते ठरूनच गेलं. रजा लागली की वाडीतल्या किराणा दुकानात फोन यायचा, दुसऱ्या दिवशी सुशीला माझ्या माडीवर. बाकी वर्षभर ही बाई तोंडाला पाण्याशिवाय काही लावायची नाही. मी ओरडायची, "अगं, स्वतःसाठी लाव की कधी." ती म्हणायची, "सवताला वास कुठं येतोय?"

आणि खरं सांगते, मला तिचा हेवा वाटायचा. आमचे हे पाटबंधारे खात्यात क्लार्क. रोज दिवेलागणीला सायकलची घंटी वाजायची, पायरीवर चपला निघायच्या, "चहा टाक" अशी हाक यायची. रोज येणाऱ्या माणसाची वाट कोण बघतं? मी पार्लरातून आलेली असायची, हाताला दिवसभराच्या तेलांचा वास, पाय दुखत असायचे. चहा टाकायची आणि मनात म्हणायची, एखाद्या दिवशी उशिरा आले असते तर बरं झालं असतं.

मग एका उन्हाळ्यात सगळ्या रजा बंद झाल्या. टीव्हीवर रात्रंदिवस सरहद्दीच्या बातम्या. आमच्या जिल्ह्यात दर गावात एखादं घर फौजेचं, त्यामुळं बाजारातसुद्धा लोक खालच्या आवाजात बोलायचे. सुशीलाचा नवरा येणार म्हणून फोन आला होता, मग येणार नाही म्हणून आला आणि मग फोनच येईना. आणि ती मात्र माडीवर आली. ठरल्या दिवशी, धुतलेलं लुगडं नेसून.

मी म्हटलं, "अगं, रजा रद्द झाली ना?"

"व्हय. तरी बी करा. आज येणार असल्यागत करा."

मी केलं. माझ्या हाताखाली तिचा जबडा दगडासारखा घट्ट होता.  कानामागं तेल लावलं तेव्हा मात्र डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं आणि तेलावरून घसरून खाली गेलं. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. भात लावणीचे दिवस, घरात कर्ता माणूस नाही, तरी एस.टी.नं यायची. सासू म्हणे बडबडायची, नवरा तिकडं नि ही इकडं नटतीया. मी एकदा म्हटलं, सासूला खरं सांग. ती म्हणाली, "त्यास्नी सांगितलं तर त्या बी रडतील. मग म्हशी कोण बघणार?"

घरची बाटली तिनं त्याच्यासाठी राखून ठेवली होती. तेल काही कायम राहत नाही. पाऊस सरता सरता ते खवट झालं, तरी तिनं टाकलं नाही.

दसऱ्याच्या आसपास तो आला. जिवंत आला. वर एका वळणावर गाडी उलटली होती, डोक्याला मार लागला होता, पुष्कळ दिवस दवाखान्यात होता. हे मला तिनं नंतर सांगितलं. तो यायच्या आदल्या दिवशी ती माडीवर येऊन तेल लावून गेली. परत आली ती अर्धा शेर घरचं तूप घेऊन.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"उंबऱ्यात बसलते. लई वेळ बसलते, ताई. मी वाकली चहा द्याया. माझ्याकडं बघितलं, बघितलं आन् मग म्हनालं, आला वास."

त्या दिवशी आम्ही दोघी रडलो आणि मग खालून पेढे आणून खाल्ले.

पुढं काही वर्षांत गंगाक्काचा घाणा बंद पडला. पिशवीतलं रिफाइंड तेल सगळीकडं मिळायला लागलं आणि घाण्याला बैल ठेवणं तिच्या मुलांना नको झालं. ती गडहिंग्लजला भावाकडं गेली, जाताना मला वाळ्याचं मडकं देऊन गेली. तिच्या भाच्याचा तिकडं छोटा घाणा होता, तिथून मी तीळ-तेल मागवायची आणि वाळा स्वतः घालायची. वास तोच यायचा. पण गंगाक्काच्या घाण्यापाशी बसून पेंडीचा तुकडा चघळत तेल चाखायचं, ते गेलं. अजून कुठं तीळ भाजल्याचा वास आला की मी रस्त्यात थांबते.

आणि मग आमचे हे गेले. ऑफिसातच, खुर्चीत बसल्या बसल्या. त्या दिवशी दिवेलागणीला मी चहाचं आधण ठेवलं होतं.

मी पार्लर बंद केलं नाही, उलट जास्त वेळ बसायला लागले. दिवेलागणीला घरी असायचं नाही, एवढंच मनात. अशाच एका संध्याकाळी जिन्यात जड बुटांचा आवाज आला आणि एक पांढऱ्या मिशांचा ताठ माणूस दारात उभा राहिला. बायकांचं पार्लर म्हणून आत येईना.

"सुशीलाचं मालक," त्यानं स्वतःची ओळख दिली. ते फौजेत हवालदार झाले हे मला सुशीलानं सांगितलेलं. ते आता रिटायर होऊन घरी आले होते. सुशीला लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होती, तिला जाऊन दोन-तीन महिने झाले होते.

"परवा येतीया," ते म्हणाले. "घरातली बाटली संपलीया. तिला यायच्या आदी भरून ठेवावी म्हनलं. म्हशी बी इचारत्यात तिला." मिशांच्या आत हसले. वाट बघणारा आता हा माणूस होता. मला फार बरं वाटलं, आणि फार वाईटही.

मी फडताळ उघडलं. दोन बाटल्या होत्या. एक ताजी आणि एक गेल्या वर्षीची, खवटलेली, दाराच्या बिजागऱ्यांना घालायला ठेवलेली. मला चेष्टा सुचली. दोन्हींची बुचं काढून त्यांच्यापुढं धरली. "ओळखा बघू हवालदार, तुमचा वास कुठला?"

त्यांनी दोन्ही बाटल्या नाकाला लावल्या. नीट, वेळ घेऊन. मग ठामपणे खवटलेली पुढं केली. "ह्योच. ह्यो कसा इसरंल?"

मी हसले. खवट तेलाचा वास मेलेल्या माणसालाही उठवील, मला वाटलं, तेही चेष्टाच करतायत. मग त्यांचं तोंड बघितलं आणि माझं हसू गेलं. ते माझ्याकडं बघत होते, बरोबर निघालं का ते कळायची वाट बघत.

"तुम्हाला वास येत नाही?" मी विचारलं.

हवालदार दाराबाहेरच्या स्टुलावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"गाडी उलटली त्या सालापासनं न्हाय. डॉक्टर म्हनला, डोक्याच्या आतली शीर तुटली, आता यायची न्हाय. घरी आलो तवा उंबऱ्यात बसलो, ही चहा घिऊन वाकली आन् मला कायबी न्हाय. कायबी न्हाय ओ ताई. तिचं तोंड बघितलं. तिनं वाट बघितल्याली मला दिसत हुती की. मग मीच म्हनलं, आला वास." टोपी पुन्हा डोक्यावर ठेवत म्हणाले, "तिला सांगू नगा. तिनं एवढ्यासाठीच लावलं सारं आयुष्य."

मी ताजी बाटली कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. ते जिना उतरले. मी सुशीलाला कधी काही सांगितलं नाही. ती यायची, मी तोंडाला करडई आणि कानामागं तीळ लावायची, ती नातवाच्या गोष्टी सांगायची. 

हवालदार गेले त्यालाही आता काळ लोटला. पार्लर बंद झालं, माझी बोटं सांध्यांत धरतात. गेल्या वर्षी सुशीला घरी आली, माझ्याच स्वयंपाकघरात पाटावर बसली. दोघी म्हाताऱ्या, दोघी कपाळ उघडं ठेवून. बोलता बोलता ती सहज म्हणाली, "त्यास्नी वास येत न्हवता, ठावं हाय न्हवं तुमास्नी?"

मी कपबशी खाली ठेवली. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? त्याच दसऱ्याला. मी गोठ्यात गेलते, चुलीवरचं दूध करपलं, सारं घर करपट वासानं भरलं. ह्ये चुलीम्होरंच बसल्यालं, पेपर वाचत. तवाच कळलं मला."

"आणि तरी लावत राहिलीस?"

"मग? त्ये म्हनायचं की, आला वास. त्ये ऐकाया लावत हुती." मग फडताळावरची माझी लिहायची वही बघून म्हणाली, "आता लिव्हा कुठं लिव्हायचं तर. आता त्यास्नी कळलं तरी काय करतील?"

म्हणून लिहिलं. त्या दिवशी निघताना ती पुन्हा बसली. पदर मागं सारला, डोळे मिटले. म्हणाली, "ताई, आज येणार असल्यागत करा."

मी फडताळातनं बाटल्या काढल्या. तिच्या ओल्या तोंडावर दोन थेंब करडई, खालून वर, दाबत. तिची कातडी आता पातळ कागदासारखी झालीय, हात हलका ठेवावा लागतो. मग कानांच्या मागं वाळ्याचं तेल. सगळी खोली त्या वासानं भरली. ती तशीच डोळे मिटून बसून राहिली.

माझ्या बोटांना थोडं तेल उरलं होतं. एवढी वर्षं मी ते फडक्याला पुसत आले. त्या दिवशी माझ्या कानामागं लावलं. बाहेर दिवेलागण झाली होती, गल्लीतून कुणाची तरी सायकल गेली. मी उठले आणि चहाला आधण ठेवलं.